खांद्यावरची ज्वारी

ताज्या लाकडाच्या भुशाचा वास आला की मला इंदापुरातलं ते पत्र्याचं शेड आठवतं. बारामतीतल्या आमच्या बँडसाठी मी तिथल्या कारागिराकडे बेस गिटार करायला टाकली होती, आणि वडिलांनी हट्टानं सोबत आणली होती मोडलेल्या बैलगाडीची बाभळीची फळी. "समदी गिटार ह्याचीच करा," ते म्हणाले. आजोबांची गाडी ती; तिचं लाकूड जळणात जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. कारागिरानं फळी उचलून पाहिली, पण तोंडावर नाही म्हणाला नाही. त्यानं एका पिशवीत ज्वारी भरली, ती पट्ट्याला बांधून माझ्या गळ्यात अडकवली. "ताई, समदी बाभळीची केली तर एवढं वजन हुईल. च्या हुईस्तवर हुबं ऱ्हावा." बाहेर सोलापूरकडचे ट्रक जात होते. वडिलांचं मन मोडायला नको म्हणून मी हसत उभी राहिले, पण चहाला उकळी फुटायच्या आत माझा डावा खांदा खाली आला. वडील उठले आणि त्यांनी पिशवी स्वतःच्या हातानं काढली. "बैलाला जुपायच्या आदीबी खांदा बघतो आमी," ते कारागिराला म्हणाले. "हलकं लाकूड घ्या." बाभळीची मग फक्त तारांखालची, बोटं फिरतात ती पट्टी झाली, उरलेली फळी वडील घरी घेऊन गेले. आता कार्यक्रम संपला की त्यांचा फोन येतो. गाणी कशी झाली, हे ते कधीच विचारत नाहीत. "खांदा दुखला का गं?" एवढंच.