मालकाचं नाव

तुळजाबाई भोईण हट्टी होती, हे आधीच सांगून टाकतो.

गोदावरीच्या आमच्या काठावर तिच्या नवऱ्याची, मच्छिंद्रची, नाव चालायची. पलीकडचे लोक तीर्थपुरीच्या बाजाराला येत ते त्याच नावेतून. निजामाच्या राज्यात नावेला परवाना लागे आणि तो दरसाल पावसाळा सरला की अंबडच्या तहसिलीतून ताजा करून आणावा लागे. मच्छिंद्रनं त्यात कधी कुचराई केली नाही. मग एका भादव्यातल्या पुरात दावं तुटलेली नाव धरायला तो पाण्यात उतरला. नाव सापडली. तो सापडला नाही, प्रेतसुद्धा नाही.

बाईनं कुंकू पुसलं नाही. "गावलं का काही? मंग?" एवढंच ती म्हणायची. नाव रेटायचा बांबू तिनं स्वतः हाती घेतला. पैलतीरावरून लोक सवयीनं हाळी घालत, "ओ मच्छिंद्रऽऽ!" आणि ही इकडून ओ द्यायची, "आलेऽऽ!" मला ते ऐकवत नसे.

परवान्याची मुदत भरत आली तसा तिचा धाकटा दीर भुजंग जागा झाला. त्यानं अर्ज ठोकला: मालक मयत आहे, सबब नाव माझ्या नावावर करावी. या भुजंगानं उभ्या जन्मात बांबू धरला नव्हता. त्याचं तोंड बघितलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हक्क पहिला बायकोचाच, पण मालक वारल्याचं बयान तिनं स्वतःच्या तोंडानं द्यायला हवं होतं. न दिलं तर परवाना भुजंगाला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी, तिचा शेजारी, साक्षीदार म्हणून तिला कसंबसं अंबडला घेऊन गेलो.

तहसिलीत कागदपत्रं बघणाऱ्या पेशकार कमरोद्दीन साहेबांनी जुना परवाना उघडला. "बाई, मालकाचं नाव बोला."

तुळजाबाई पदर सावरून म्हणाली, "नाव वडाला बांधून आले, साहेब."

सगळी कचेरी हसली. मीही हसलो आणि लगेच माझ्या ध्यानात आलं. ही वेड पांघरत होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. तिनं ते जन्मात उच्चारलं नव्हतं, आणि इथं तर त्याला मयत म्हणायचं होतं.

"ती नाव न्हाई," साहेब म्हणाले. "माणसाचं नाव."

"मच्छिंद्र!" मी बोलून गेलो.

"तुम्ही खामोश. वारसानंच बोलायचं."

"मी सांगतो की," भुजंग पुढं सरसावला. "मच्छिंद्र रखमाजी भोई. मयत." पान थुंकावं तसा बोलला मेला.

बाई जमिनीकडं बघत उभी. चपराशी खिडक्या लावायला लागला. साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

"बाई, कचेरी बंद होऊन राह्यली. तुम्ही न्हाई बोलल्या तर मला याचं नाव लिवावं लागंल. माझा इलाज न्हाई."

तिनं मान वर केली. "साहेब, आन् ते परत आले तर? माझी नाव कुठाय म्हणून इचारलं, तर काय सांगू?"

साहेबांचा टाक तसाच हातात राहिला.

तुळजाबाईनं पदराचं टोक जिभेला लावलं आणि कपाळ पुसलं. एकदा, मग पुन्हा, नीट.

"मच्छिंद्र," ती म्हणाली. "मच्छिंद्र रखमाजी. मयत."

साहेबांनी खाली मान घालून लिहिलं. शिक्का बसला. भुजंग पाय आपटत निघून गेला. परवाना तुळजाबाईच्या नावावर झाला होता, पण जिंकल्यासारखं मला काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी नदीवर पोचलो, तेव्हा पलीकडं बाजारकरी येऊन थांबलेले होते. त्यांची हाळी आली, "ओ मच्छिंद्रऽऽ!"

दाव्यावरचा तिचा हात थांबला. आता ही पुन्हा 'आले' म्हणते की काय, या धास्तीनं मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिनं दावं सोडलं, नावेत चढली आणि छाती फुटेल अशी ओरडली,

"मच्छिंद्र न्हाई आता! तुळजा येऊन राह्यलीऽऽ!"

मी तिथंच वाळूत बसलो आणि रडलो.