तिकडं आमचा पोट्टा राहते!

“तिकडं नको गा! उजवीकडं वळव! तिकडं आमचा पोट्टा राहते!”

भर दुपारच्या खेळाला आमचे घरमालक खुर्चीवर उभे राहून परग्रहावरच्या यानाला रस्ता दाखवत होते. पडद्यावर अमेरिकेतलं त्यांच्या मुलाचं शहर होतं. यानानं ऐकलं नाही. आधी पूल उडवला, मग विमानतळ. थिएटर मात्र पडद्याकडं पाठ करून घरमालकांना बघत होतं. तिकिटाचे पैसे तिथंच वसूल होत होते.

विज्ञानपटांचा आणि मारधाडीच्या सिनेमांचा एवढा कडवा दुश्मन साऱ्या नागपुरात नाही, आणि एवढं इमानी गिऱ्हाईकही नाही. आवाज असा, की हे सक्करदऱ्यातल्या घरी खाकरले तर पार शहराबाहेर कन्हानला उभी असलेली मालगाडी सिग्नल मिळाला समजून सुटते. नवा सिनेमा लागला की घरमालकीण काकू मला हाक मारतात, “जा बाप्पा सोबत. मागच्या वेळी यायले बाहेर काढलं, तं दारात उभं राहून येणाऱ्यायले शेवट सांगत होते.”

त्यांची मतं सिनेमा चालू असतानाच प्रसिद्ध होतात. वाळवंटी ग्रहावरची माणसं तोंडाला फडकी गुंडाळून फिरू लागली, तर म्हणाले, “हा का ग्रह हाय? मे महिन्यात बर्डीच्या बाजारातल्या साऱ्या पोरी अशाच दिसतेत!” नायक स्फोटाकडं पाठ करून ऐटीत चालत निघाला तेव्हा मात्र ते मनापासून दुखावले. “वळून पाहूनसुद्धा नाही राहिला? आमच्या गल्लीतली डीपी उडाली तं लोकं जेवणाचं ताट हातात घेऊन पाहाले आले होते!” यंत्रांनी पृथ्वीचा ताबा घेतला, त्यावर, “आमच्या कूलरच्या पंपानं घराचा ताबा कधीच घेतला. कोणी काढला का सिनेमा?” आणि परग्रहावरून फौज उतरली की हमखास, “एवढ्या दुरून सारेच्या सारे येऊन राहिले! यायले सुट्टी कोण देते?”

हा प्रश्न ते जरा हळू विचारतात. म्हणजे फक्त बाल्कनीपर्यंत ऐकू जाईल इतका.

एकुलता एक मुलगा तिकडं गेल्याला बऱ्याच दिवाळ्या झाल्या. दरवर्षी ‘यंदा नक्की’. दर उन्हाळ्यात काकू त्याच्यासाठी कुरड्या घालतात आणि डबा भरून ठेवतात. शेवटी त्या मीच खातो, त्यामुळं माझी काही तक्रार नाही. पण सिनेमावाल्यांना जग बुडवायचं झालं की अमेरिकाच सापडते, आणि घरमालक पहिल्या आठवड्यात हजर. आपण स्फोट बघतो. हे मागची दुकानं, बसथांबे, फुटपाथवरची माणसं बघत असतात.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत, आधी फोन लावला. काकूंनी स्पीकर चालू केला.

“बाबा, ऑफिसला निघतोय.”

“एकच मिनिट. तुमच्याकडचा तो मोठा पूल जाग्यावर हाय ना?”

“आहे की.”

“आन् विमानतळ?”

“आहे ना, बाबा. त्याला काय झालंय?”

कुरड्यांचा डबा पुसणारा काकूंचा हात थांबला. एरवी अख्ख्या गल्लीला पुरणारा घरमालकांचा आवाज या वेळी माजघरातसुद्धा पोचला नसता.

“मंग येत काहून नाही गा, राजा?”

पलीकडं गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

“सुट्टी नाही, बाबा.”