परत आलेलं शहाळं

नेंगा रुबागच्या होडीतून आमच्या गावाचे सगळे मेलेले गेले. दहन झालं की राख तो पोवळ्यांच्या खडकांच्या रांगेपलीकडे नेई, कापडाची गाठ सोडे आणि उघड्या समुद्रावर रिती करी. एरवी बांगडे धरी. बोलणं थोडं. होडीत कुणी हुंदका दिला की म्हणे, "गप. होडीत आधीच पाणी भरतंय." रडणं म्हणजे जाणाऱ्याला मागे ओढणं, हे आमच्या बाली बेटावर लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्याची बायको सुकर्नी गेली तेव्हा तिला पुरली. एकेकट्याच्या दहनाचा खर्च झेपत नाही, गाव सगळ्यांचं मिळून करतं; तोवर माणूस मातीत वाट पाहतं. मासळी विकून येताना नेंगा तिच्यापाशी थांबायचा. आज काय गावलं ते सांगायचा.

अखेर गावाचं दहन झालं. तिची राख पिवळ्या शहाळ्यात भरून पांढऱ्या कापडात बांधली. नेंगा एकटाच होडी घेऊन गेला आणि फार लवकर परतला. डोळे कोरडे. "झालं," म्हणाला.

सकाळी शहाळं वाळूवर पडलेलं होतं. गाठ तशीच.

मेहुणी रेम्पीनं कमरेवर हात ठेवले. "काय हो भावजी, माझी बहीण परत का आली? तुमची लुंगी धुवायची राहिली होती?"

बायका हसल्या. नेंगा नाही हसला.

रेम्पीनं गाठ चाचपली. "सोडलीच नाहीत! रांगेच्या आतच टाकलंत ना?"

"आत पाणी शांत असतं," तो म्हणाला. "आणि मी रोज तिथूनच जातो."

त्याची सून रस्मिनी जड पोट सावरत पुढे आली.

"बापा, आईंना तुम्ही बांधून ठेवलंत, तर माझ्याकडे कोण येणार?"

आमच्यात गेलेली माणसं आपल्याच घरात जन्मतात. पण आधी पुरतं जावं लागतं. रस्मिनीला सासूच हवी होती पोटी. तिच्याचकडून ती भात रांधायला शिकली होती.

नेंगा पोटाकडे बघत राहिला. "आणि तिच्याऐवजी माझा बाप आला तर? फार तापट होता, आणि बहिरा."

"आला तर त्यालाही पाजीन."

त्यानं शहाळं उचललं. छातीशी धरलं. होडी लोटली तेव्हा रेम्पी न विचारता चढली. पुढचं तिनंच सांगितलं. रांगेपलीकडे पाणी काळं होतं, गाठ ओली होऊन आवळली होती, त्यानं ती दातांनी सोडली. राख पाण्यावर क्षणभर पसरून राहिली, मग पाण्याचीच झाली. तेव्हा मात्र तो रडला.

"गप," रेम्पी म्हणाली. "होडीत आधीच पाणी भरतंय."

आता मासळी विकून तो सरळ घरी येतो. सुनेसमोर जरा अंतरावर बसतो आणि खाली बघत पुटपुटतो, आज काय गावलं.

"मोठ्यानं सांगा, बापा," रस्मिनी म्हणते. "कोण आहे आत कुणास ठाऊक. आजेसासरे असले तर ऐकू यायला नको?"