मामाची लेखी हरकत

समस्त सगेसोयऱ्यांस, हितचिंतकांस आणि विशेषतः परदेशी सून आणू पाहणाऱ्या कोल्हापूरकरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अशा लग्नाला तीन सत्तांची परवानगी लागते. एक भारत सरकार, दुसरं मुलीच्या देशाचं सरकार आणि तिसरा मुलाचा मामा. पहिल्या दोघांचे छापील फॉर्म मिळतात.

हे ज्ञान आमच्या घराला ऐंशीच्या दशकात झालं. माझा थोरला भाऊ उद्यमनगरातल्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याला दीड वर्ष पश्चिम जर्मनीला प्रशिक्षणासाठी पाठवलं. परत येताना त्याने केसाएवढी जाडी मोजायचा एक मायक्रोमीटर आणला, आणि वर्षभराने मुंबईच्या विमानतळावर जाऊन एक मुलगी आणली. कस्टमवाल्यांनी जास्त प्रश्न मायक्रोमीटरबद्दल विचारले होते.

मुलगी उंच, मोकळी हसणारी. आमच्या आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, त्याला जरा वेळ लागला, आणि म्हणाली, "दारातनं वाकून ये गं बाई." झालं, सून पसंत.

मी बावीस वर्षांची होते आणि एम.ए. करतेय असं घरात सांगत होते. त्यामुळे कचेऱ्यांतून हिंडायचं काम माझ्याकडे आलं. दोन देशांच्या माणसांचं लग्न विशेष विवाह कायद्याने करायचं. त्यासाठी आधी मुलगी अविवाहित असल्याचा तिच्या गावच्या नगरपालिकेचा दाखला हवा. तो मागवून, भाषांतर करून घेईपर्यंत सहा आठवडे गेले. आई म्हणाली, "आपल्यात पोरगी मोकळी हाय का न्हाय ते शेजारीण सांगती. ह्यांच्यात नगरपालिका सांगती व्हय?" मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कचेरीच्या फळ्यावर तीस दिवस लागणार. कुणाची हरकत आली नाही, तर लग्न.

गोची अशी की वहिनीकडे व्हिसा होता तीन महिन्यांचा, तोही पर्यटनाचा. पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद ठेवणारे हवालदार होते. त्यांनी सरळ सांगितलं, "मुदतीच्या आत लगीन झालं तर दाखला घेऊन या, मुक्काम वाढवायचा अर्ज घेतो. न्हाय झालं तर बाईंना परत जावं लागंल." वहिनी नोकरी सोडून, खोली रिकामी करून आली होती. परत गेली तर पुन्हा कधी यायला जमेल, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दादा कॅलेंडरकडे मात्र फार बघायचा.

नोटिशीचे तीस दिवस संपले आणि आम्ही तारीख घ्यायला गेलो. व्हिसाचे सतरा दिवस शिल्लक होते. विवाह अधिकारी म्हणजे शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे गृहस्थ. त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "एक हरकत आली आहे. चौकशी करून निर्णय द्यावा लागेल. कायद्याने मला तीस दिवस आहेत."

दादा टेबलावर पुढे वाकला. हरकत कुणाची? अधिकाऱ्यांनी कागद फिरवून दाखवला. खाली आमच्या सख्ख्या मामाची सही होती, एकेक अक्षर ओळखू येईल अशी.

झालं होतं असं. मामा गारगोटीचा. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं मोठं माणूस तोच. त्याला आमंत्रण द्यायचं ते तारीख ठरल्यावर, नारळ घेऊन, घरी जाऊन; ही आमची रीत. तारीख ठरत नव्हती म्हणून आम्ही गेलो नव्हतो. जर्मन मुलगी पाहुणी म्हणून आलीय, एवढंच त्याच्या कानावर होतं. आणि नेमका तो एका खरेदीखतासाठी त्याच कचेरीत गेला. फळ्यावर भाच्याचं नाव, आमचा पत्ता, आणि खाली ओळ : कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

लग्नात मामाने रुसायचं आणि बाकीच्यांनी समजूत काढायची, हे आमच्याकडे चालतंच. पण आजवर कुठल्या लग्नाने मामाला 'तुमची काही हरकत?' असं छापून विचारलं नव्हतं. मामा भारावला. बाहेर टाइपरायटर घेऊन बसलेल्या माणसाकडून त्याने रुसवा टाइप करून घेतला, आवक कारकुनाचा शिक्का घेतला आणि गारगोटीला जाऊन समजूत काढायला कोण येतंय याची वाट बघत बसला.

दुसऱ्याच दिवशी आई आणि मी एस.टी.ने गेलो. मामा बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"काय केलंस रं हे?" आई म्हणाली.

"मी कोन? भिताडावरचं वाचून कळतंय मला, भाच्याचं लगीन हाय."

"आरं, तुझ्या एका कागदानं पोरीला देश सोडाय लागतोय."

मामा गर्रकन वळला. चेहरा उतरला होता. "मला वाटलं, सायेब तुमास्नी बोलवून दटावंल, म्हणंल मामाला इचारा आधी. एवढंच."

"मग कागद काढून घे."

इथे मामा पुन्हा ताठ झाला. "लेखी दिलंय. सायबानं लेखी बोलवाय पायजे. मी काय येडा हाय, दिला आनि काढला?"

त्या लेखी बोलावण्यासाठी आठ दिवस गेले, कारण मध्ये दोन सुट्ट्या आल्या आणि साहेब पुण्याला मीटिंगला गेले. पत्र टपालात पडू न देता दादाने स्वतः मोटारसायकलवरून नेलं.

सुनावणीला मामा धोतर, कोट आणि फेट्यात हजर. एका बाकावर तो, समोरच्या बाकावर वहिनीसकट आम्ही. साहेबांनी कायद्याचं पुस्तक उघडलं.

"हरकतीची कारणं ठरलेली आहेत. मुलाचं आधी लग्न झालंय?"

"आमच्या भाच्याचं? नाव घिऊ नगा. पोरगं हाय सोन्यासारखं."

"मुलगा वेडसर आहे?"

मामा उभा राहिला. "सायेब, जर्मनीच्या कारखान्यानं शिकवाय नेलता त्याला! येड्याला कोन इमानात बसवतंय?"

"वय एकवीसपेक्षा कमी?"

"त्याच्या बारशाचा पाळणा मी बांधलाय. तीस गाठंल आता."

"दोघांत रक्ताचं नातं?"

"जर्मनीत आमची भावकी असती, तर मागंच वाटणी मागाय आली असती की!"

साहेबांशेजारच्या टायपिस्टने तोंड फाइलीआड घेतलं. साहेबांनी पुस्तक मिटलं. "मग तुमची हरकत नेमकी कशाला आहे?"

मामाने फेटा सारखा केला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ह्यात मामा कुटं बसतोय, ते सांगा."

वरचं बटण लावणाऱ्या त्या माणसाबद्दल मी मनात बरंच वाईट बोलले होते, ते सगळं तेव्हा परत घेतलं. त्यांनी नोंदवही उघडून मामाकडे फिरवली. "तीन साक्षीदार लागतात. तुमच्याशिवाय पहिली सही कोण करणार?"

मामाने हरकत मागे घेतल्याचं तिथंच लिहून दिलं. मग त्याने वहिनीकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "हिच्याकडनं कोन हाय?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.

"म्हंजे हिचा मामा?"

"तो तिकडे हँबर्गला."

"मग मी हिच्याकडनं. तू तुझं बघ."

आणि दोन दिवसांनी लग्नात खरोखर तो वहिनीच्या मागे उभा राहिला, फेट्यासकट तिच्या खांद्याला लागत होता. दोघांनी कायद्याने सांगितलेलं एकेक वाक्य म्हटलं, मामाने पहिली सही केली, खाली आई आणि मी. पेढे वाटले. टायपिस्टने दोन घेतले.

दाखला हातात आला तेव्हा व्हिसाचे पाच दिवस उरले होते. तसेच हार काढून आम्ही सगळे पोलीस कचेरीत. हवालदारांनी दाखला उलटसुलट बघितला, अर्ज पुढे ओढला आणि पेन उचललं.

"मुक्काम वाढवण्याचं सबळ कारण?"

दादाने घसा साफ केला आणि इंग्रजीत कायद्याचं कलम शोधायला लागला. तीन महिने आईबरोबर चुलीपुढे बसून वहिनीला जेवढं मराठी आलं होतं, तेवढं तिच्या तोंडातून एकदम बाहेर पडलं, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं :

"नवरा हाय की माझा हितं!"