आधी तोंडानं ‘गेली’ म्हणा

“आधी तोंडानं ‘गेली’ म्हणा. मग हात लावते.”

वारूळवाडीत मोबाईल दुरुस्तीचा गाळा चालवणाऱ्या त्या बाईंचं हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, त्याचा फोन कधी बिघडलाच नसणार. कंपनीनं फोनला आतून घातलेलं कुलूप काढून देण्यात त्यांचा हातखंडा होता. रूट करणं म्हणतात त्याला. पण त्याआधी, भटजी मंत्र वदवून घेतात तसे त्या गिऱ्हाइकाकडून एकेक तोटे वदवून घेत.

“वॉरंटी?”

“गेली.”

“आतलं फोटू?”

“गेले.”

“बँकेचं ॲप?”

इथं भलेभले अडखळत.

मीही अडखळलो होतो. मी शाळेतला कारकून. माझा फोन कंपनीनं न मागता भरलेल्या गेमांनी नि जाहिरातींनी तुंबला होता, आणि त्या काढायची सोय नव्हती. बाई म्हणाल्या, “फोन तुमचा, मग ह्यो पावणा कोण घरात ठाण मांडून बसलाय?” मी जोशात ‘गेलं’ म्हणून टाकलं. फोन पळायला लागला, आणि मी बँकेच्या रांगेत उभा राहायला लागलो, कारण त्या दिवसापासून ॲपनं मला ओळख दाखवली नाही. तक्रार केली, तर उत्तर तयार: “म्हणला व्हता ना? मग आता रडायचं न्हाई, भाऊ.”

शेतीची लाईट दिवसा असेल त्या आठवड्यात त्या कुलूप काढत नसत. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं, आणि कॉम्प्युटर बंद पडून काम अर्ध्यात तुटलं की फोन मेलाच. लोक चिडत. “ऊस भिजू द्या आधी. तुमचा फोन काय वाळत न्हाई,” म्हणत त्या चहा मागवायच्या.

आता त्या मंचरला राहायला गेल्या. गाळ्यात चष्म्याचं दुकान आलंय. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती येते एका दुपारसकट.

डिंगोरे गावचे आप्पा आले होते. ऐकू कमी. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून घरी डब्यात ठेवलेलं. मुलगी नागपूरला दिलेली, तिचा रोज फोन. पण कंपनीनं आवाजाला जी हद्द घातली होती, ती आप्पांच्या कानापर्यंत पोचत नव्हती. कुलूप काढलं की ती वाढवता येणार होती.

“वॉरंटी?”

“हो हो.”

“कायमचा बंद पडंल बरं का!”

“हो हो.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “आप्पा, चुलीत घालू का फोन?”

“हो हो, घाला की.”

मी खो खो हसलो. बाई हसता हसता थांबल्या. “ह्यांचं ‘हो’ मी घ्येनार न्हाई,” म्हणाल्या, आणि खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर सगळे तोटे मोठ्या अक्षरांत लिहिले.

आप्पा बोट ठेवून वाचू लागले. ‘फोन कायमचा बंद पडू शकतो’वर बोट थांबलं.

“म्हंजी पोरीचा आवाज बी बंद,” ते म्हणाले. पुन्हा वाचलं. मग म्हणाले, “पर आत्ता तरी कुठं येतोय? वरीस झालं, ती काय बोलती मला ठावं न्हाई. नुसतं हो म्हणतो. कर तू.”

बाईंनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. आप्पा म्हणाले, “गेला.”

दोन तास बाई जागच्या हलल्या नाहीत. चहा तसाच निवला. फोन सुरू झाला, तेव्हा नंबरही पुसले गेले होते, पण मुलीचा आप्पांना पाठ होता. तिचा आवाज असा दणकला की रस्त्यावरची माणसं वळली.

“आप्पा, जेवलात का?”

“हो हो,” आप्पा सवयीनं म्हणाले, आणि दचकले. “न्हाई गं. न्हाई जेवलो अजून.”

पलीकडं मुलगी रडायलाच लागली. “आप्पा, ऐकू आलं तुमाला?”

बाईंना राहवेना. “आप्पा, येवढ्या आवाजात स्पीकर लई दिवस टिकायचा न्हाई बरं का...”

त्यांचे ओठ हललेले पाहून आप्पांनी हात वर केला.

“गप गं जरा. पोर बोलतीय.”

आणि आमच्या बाई, ज्यांच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही, डोळ्यांना पदर लावून मुकाट बसून राहिल्या.