रक्त घरातच

आमच्या लग्नात आत्ती मांडवभर सांगत फिरत होती, "रक्त घरातच ऱ्हायलं की!" आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि त्या दिवसापासून माझी सासू. आत्याच्या मुलाशी लग्न आमच्याकडे नवलाचं नाही. मलाही बरंच वाटलं होतं. ओळखीचं घर, ओळखीचीच बोलणी.

दिवस राहिले तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझं, मग ह्यांचं रक्त तपासलं. दोघांच्याही एका जनुकात तीच चूक निघाली, आमच्या आजी-आजोबांपैकी कुणाकडून तरी आलेली. बाईंनी कागदावर रेघ ओढून समजावलं. रक्तातला लाल पदार्थ बनवण्याआधी पेशी जनुकाची नक्कल काढते, तिच्यातला बिनकामाचा भाग कापून टाकते आणि उरलेले तुकडे जोडते. आमच्या जनुकात एकच अक्षर बदललंय, म्हणून कात्री भलतीकडे चालते. मी ब्लाउज शिवते, मला कात्रीचं चटकन कळलं. खूण चुकली की कापड कितीही भारी असो, बाही वाया.

"एकच जनुक बिघडलं तर काही होत नाही, तुम्ही दोघं धडधाकट आहातच," बाई म्हणाल्या. "पण बाळाला दोन्हीकडून बिघडलेलं आलं, तर थॅलेसेमिया. जन्मभर रक्त चढवावं लागेल."

बाळाचं कळावं म्हणून वारेचा कणभर तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत मी कापडावर खडूची खूण करायची, पुसायची, परत करायची. कात्री लावायचा धीरच होईना. आत्तीला सारखं विचारायची, "दोन्हीकडून आलं असलं तर?"

"आत्याबाईला मिशा असत्या तर!" ती खेकसायची. खुद्द आत्याबाईच हे म्हणतेय म्हणून एरवी मी पोट धरून हसले असते. पण भाकरी थापताना तिचाही हात मध्येच थांबायचा आणि ते बघून मला जास्तच भीती वाटायची.

रिपोर्ट आला. एकच बिघडलेलं, आमच्यासारखंच. रिक्षात मी हमसून हमसून रडले.

घरी आत्तीनं देवापुढं साखर ठेवली आणि लगेच नणंदेला फोन लावला. "सगळं ब्येस हाय! पोरगी झाली तर तुझ्याच पोराला द्यायची बग!"

"न्हाय!" मी ओरडले.

आत्तीपुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. तिनं फोन कानापासून लांब धरला. फोनमधून नणंद विचारत होती, "काय झालं, आई?"

आत्तीचा आवाज एकदम खाली आला. "पोराला घिऊन ये. तू बी तपासून घे," ती म्हणाली. "रक्त घरातच हाय न्हवं आपलं."