खारबावच्या ड्रमचा निकाल

मामा गेल्याची बातमी मला मोर्चात कळली. प्रांत ऑफिससमोर लूम कामगारांच्या मागण्या घेऊन आम्ही बसलो होतो, भोंगा माझ्या हातात होता. शेजारच्या कमलाताई गर्दीतून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, शांताराममामा गेले, सकाळी झोपेतच... त्याला आता दीड महिना झाला. पत्रकं लिहून लिहून माझा हात असा झालाय की कुणाबद्दलही लिहायचं म्हटलं तर आधी 'निषेध' हाच शब्द उमटतो. मामांचाही निषेध मी एकदा केला होता, चारचौघांत, तोंडावर. म्हणून त्यांच्यावर लिहायचा पहिला हक्क माझा, असं मी समजतो.

नात्याने ते माझे कुणी नव्हते, अख्ख्या वस्तीचे मामा. दिवसपाळीला पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालू करणारा माणूस, आणि संध्याकाळी बँडवाल्यांचे साइड ड्रम दुरुस्त करणारे. साइड ड्रम म्हणजे गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवतात तो. खालच्या पानाला, म्हणजे पडद्याला, ताणलेल्या तारा असतात, त्या थरथरल्या की तो कडकडतो. भिवंडीपासून वज्रेश्वरीपर्यंतचे बँड त्यांच्या ओट्यावर यायचे. मामा डोळे मिटून बोटाच्या पेराने कडेला टकटक करायचे आणि म्हणायचे, हा रडतोय. आतून मामी ऐकवायच्या की माणसाचं रडणं यांना कधी ऐकू आलं नाही, ड्रमचं बरं येतं.

आता ती गोष्ट, पंचवीसेक वर्षांपूर्वीची. आमच्या पणजोबांपैकी काहीजण इंग्रजांच्या पलटणीत होते, आणि त्यातल्या एकाने बँडमधला ड्रम गावी आणला होता, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. जयंतीच्या मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असावा असं ठरलं. पण ड्रम निघाले दोन. एक आमच्या विहारातला: लाल-निळा, वर सोनेरी मुकुट आणि वाघ. दुसरा खारबावच्या बाळूदादांच्या घरचा: काळवंडलेलं पितळ, पोचे पडलेले, कड्याला तारेचं ठिगळ. ज्यांचा ड्रम खरा, त्यांना पुढे चालायचा मान. निकाल मामांनी द्यायचा, हे दोन्ही वस्त्यांना मान्य होतं. मी मात्र निकालाची वाट पाहिली नाही. 'आमच्या शौर्याचा साक्षीदार' असं पत्रक मुकुटाच्या चित्रासकट छापून तालुकाभर वाटलं. खारबावकर लबाड आहेत, हेही त्यात होतं. आडून नव्हे, सरळ.

रविवारी विहाराच्या पटांगणात दोन्ही वस्त्या जमल्या. मामांनी खारबावचा ड्रम मांडीवर घेतला. त्याचा एक पेच काढून आपल्या डब्यातला नट त्याला लावून पाहिला, बसेना. दुसरा, तिसरा... बसेना. आटे जुन्या विलायती मापाचे आहेत, असे पेच आता बाजारात येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग एका बाजूचं पितळ त्यांनी आम्हाला चाचपायला लावलं. तिथे ते गुळगुळीत होतं, कागदासारखं पातळ झालेलं. वर्षानुवर्षं कूच करताना कुणाच्या तरी डाव्या मांडीला घासून.

"हे रंगवून आणता येत न्हाय," मामा म्हणाले.

आमचा ड्रम त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. "त्याला काय बघायचं? तो मीच बांधलाय."

सत्त्याऐंशीच्या सुमारास एका बंद पडलेल्या बँडचा पत्रा, दुसऱ्या बँडची कडी, आणि मुकुट-वाघ बिस्किटाच्या डब्यावरून उतरवलेले. मुलांच्या कवायतीसाठी केला होता. कवायत बंद पडली, मुलं कामाधंद्याला पांगली, ड्रम विहारात राहिला आणि सात-आठ वर्षांत आपोआप पलटणीत भरती झाला.

मी पेटलो. सगळ्यांसमोर मामांना घरभेदी म्हणालो. पत्रकं घरोघर गेलीत, आता आमच्या वस्तीने तोंड कुठे दाखवायचं, एवढं ठाऊक होतं तर आधी का बोलला नाहीत, असं बरंच काही. मामा फडक्याने तारा पुसत होते.

"तू विचारलंस कधी? छापून झाल्यावर एक प्रत आणून दिलीस. चांगली होती. शाई जरा पसरली होती."

खारबावकर हसले. हसले ते बरं झालं, नाहीतर त्या दिवशी हातापायीच झाली असती. मग बाळूदादांनी हळूच विचारलं की मुंबईचा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मागे लागलाय, तर ह्याची किंमत काय होईल?

"विकलास तर पितळापेक्षा बरीच," मामा म्हणाले. "वाजवलास तर मला सांगता यायची न्हाय."

बाळूदादांनी विकला नाही. मामांनी माझ्याकडून दुसरं पत्रक लिहून घेतलं, त्याच मापाचं, त्याच छापखान्यातलं. 'खारबावचा ड्रम खरा, आमची चूक.' ते वाटायला माझ्याबरोबर स्वतः खारबावला आले. बाळूदादांनी उभ्याउभ्या वाचलं, आत बोलावून चहा पाजला आणि ह्या वेळी शाई बरी लागली आहे, एवढाच शेरा मारला.

मिरवणुकीत खारबाव पुढे चाललं. तो ड्रम वाजवणारं त्यांच्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मामांनाच बोलावलं. आमचा रंगीत ड्रमही मामांनी मागच्या रांगेत आणायला लावला. खोटा असेल, बेसूर न्हाय, म्हणाले. पुढून त्या जुन्या पितळाचा कोरडा, खणखणीत आवाज येत होता आणि मागून आमचा त्याला धरून चालला होता. आयुष्यात एवढे मोर्चे काढले, पण हरून इतका खूश मी कधी चाललो नव्हतो.

हा लेख धाडण्याआधी मामींना वाचून दाखवला. आता विचारल्याशिवाय छापत नाही. मामी ओट्यावर मामांच्या जागी बसल्या होत्या, तांदूळ निवडत. 'मामा आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत' या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं.

"हे काढ. बोलायचे की. डॉक्टरला सांगायचे गोड सोडलं, आणि माझ्या डब्यातला गूळ खायचे. ड्रमबद्दल न्हाय बोलले कधी. तेवढंच लिही."

वाक्य काढलं. गुळाचा डबा दाराजवळच्या खालच्या फळीवर होता, ओट्यावर बसल्या जागेवरून मामांचा हात पोचेल असा. मामींनी तो अजून तिथून हलवलेला नाही...